वास आम्ही आधीच सांगितला होता

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘इलेक्ट्रॉनिक नाका’वरचा लेख वाचला. श्वासातली आणि घामातली रसायनं सेन्सर कशी टिपतात, हे लेखकाने छान समजावलंय. पण पार्किन्सन्सबद्दल, म्हणजे कंपवाताबद्दल, एवढं लिहून जॉय मिल्न यांचं साधं नावही येऊ नये? नवऱ्याच्या अंगाचा वास बदललाय, हे स्कॉटलंडच्या या परिचारिकेला निदानाच्या दहाहून जास्त वर्षं आधी जाणवलं होतं. पुढे एडिंबरा विद्यापीठाने त्यांना रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे मिळून १२ टी-शर्ट हुंगायला दिले. रुग्णांचे सहाही त्यांनी ओळखले, शिवाय निरोगी गटातल्या एकाचाही रुग्णाचा म्हणून वेगळा काढला. त्या माणसाला वर्षाच्या आत पार्किन्सन्स निघाला! त्वचेवरच्या तेलकट थरातली रसायनं शोधणारं २०१९ चं संशोधन याच बाईंच्या नाकामुळे झालं. आणि त्यांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला, तेव्हा शास्त्रज्ञांनीही तो मनावर घेतला नव्हता.

हे मला लागलं, कारण आमच्या घरी तेच घडलं. माझ्या धाकट्या भावाच्या तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत होता. सारखं पाणी पीत होता, कपडे सैल व्हायला लागले होते. आईने डॉक्टरांना वासाचं आवर्जून सांगितलं. ‘दात नीट घासत नसेल’ म्हणून त्यांनी विषय संपवला. केसपेपरवर ‘पोटदुखी, उलट्या’ एवढंच लिहिलं आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. पुढे तो ग्लानीत गेला, धापा टाकायला लागला, तेव्हा दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टर त्याच्यावर वाकल्या आणि रक्त घेण्याआधीच म्हणाल्या, “शुगर बघा आधी.” मधुमेहात इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून ॲसिटोन तयार होतं, त्याचाच तो वास. यासाठी कुठलंही नवं यंत्र लागलं नसतं. आईचं वाक्य केसपेपरवर उतरवलं असतं तरी पुरे होतं.

यंत्रं जरूर यावीत. सगळ्यांनाच हा वास येतो असं नाही, त्यामुळे ती लागणारच. पण ती येईपर्यंत डॉक्टरांनी ‘अंगाचा, तोंडाचा वास बदललाय का?’ हे घरच्यांना विचारावं, आणि उत्तर लिहून ठेवावं.

आणखी एक. ‘एका फुंकरीत कर्करोग ओळखा’ हा मथळा कुणी दिला? खाणं, धूम्रपान, औषधं यांनी श्वास बदलतो, चाचण्या अजून चालू आहेत, हे तुमच्याच लेखाच्या शेवटी आहे. आजारी माणसाचे घरचे मथळ्यावर आशा लावून बसतात. पुढच्या पुरवणीत मधुमेहाची लक्षणं त्या वासासकट ठळक छापा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक