ओट्यावर चढणारं मांजर आणि डांबर गोळ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरगुती युक्त्यांच्या सदरात मांजर स्वयंपाकाच्या ओट्यावर चढू नये म्हणून तीन उपाय छापले होते. कोपऱ्यात डांबर गोळ्या ठेवाव्यात, रात्री फिनेलच्या फडक्याने ओटा पुसावा आणि तरीही मांजर चढलंच तर तोंडावर पाण्याचा फवारा मारावा. यातल्या पहिल्या दोन उपायांनी मांजर मरू शकतं आणि तिसऱ्याने ते काही शिकत नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

डांबर गोळीतलं नॅफ्थलिन मांजराला विषारी असतं. काळ्या फिनेलमध्ये फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात. ती निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते, कुत्र्यापेक्षाही कमी. पांढऱ्या फिनेलमध्ये पाइनचं तेल असतं, तेही त्याला बाधतं. कुणी म्हणेल, मांजर काय फिनेल प्यायला जातं का? पीत नाही. ते ओल्या ओट्यावरून चालतं, मग निवांत बसून चारी पंजे चाटून साफ करतं. विष पोटात जातं ते असं. आणि मांजराचं सोडा, ज्या ओट्यावर आपण पोळ्या लाटतो त्यावर फिनेल फिरवा असं छापावं तरी कसं?

मी वीज खात्यातून निवृत्त झालेला लाइनमन. तीन वर्षांपूर्वी पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. आमची चिंगी त्याआधीपासून घरात आहे. पत्नी दिवसभर कॉटवर असते आणि चिंगी तिच्या उजव्या हाताशी, म्हणजे ज्या हाताला अजून स्पर्श कळतो त्या हाताशी, झोपते. पत्नीला नीट बोलता येत नाही, पण ‘चिंगी’ स्पष्ट म्हणते. आमच्या घरात या मांजराची जागा काय आहे, ते एवढ्यावरून कळावं.

मी भाकरी करायला लागलो आणि चिंगीचं ओट्यावर चढणं माझ्या नजरेस यायला लागलं. ओरडलो, टाळ्या वाजवल्या, एकदा लाटणं आपटलं. ती उतरायची आणि मी पाठ फिरवली की परत वर. एके दिवशी तवा नुकताच उतरवलेला असताना तिचा पुढचा पाय शेगडीवर पडला आणि पंजाची गादी भाजली. पंजा नळाखाली धरला, रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती परत शेगडीजवळ दिसली. मला भीतीने संताप आला आणि मी तिला चापट मारली. त्यानंतर दोन दिवस ती कॉटखालून बाहेर आली नाही. पत्नी सारखी हात खाली सोडून तिला शोधत होती. ते मला अजून आठवतं.

चापटीने ती ओट्याला भ्यायली नाही, मला भ्यायली. पाण्याच्या फवाऱ्याचंही तेच होतं. फवारा माणसाच्या हातात असतो, म्हणून माणूस नसेल तेव्हा ओटा मोकळाच, एवढं मांजराला बरोबर कळतं.

मग मी नोकरीतली सवय वापरली. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्यात जाड तार घालून भागत नाही, फॉल्ट कुठे आहे तो शोधावा लागतो. मी वही घेतली आणि आठ दिवस चिंगी केव्हा चढते, चढून काय करते, ते लिहिलं. सव्वीस वेळा चढली. त्यातल्या अकरा वेळा ती थेट बेसिनच्या गळक्या नळाशी गेली आणि थेंब चाटत बसली. सात वेळा खिडकीत जाऊन शेवग्यावरच्या खारी बघत राहिली. तीन वेळा, भाकऱ्या झाल्यावर, शेगडीशेजारच्या कोमट कडप्प्यावर पोट टेकून बसली. जानेवारी होता. खाण्यासाठी म्हणून चढली ती फक्त पाच वेळा, दोनदा सुकटीला आणि तीनदा सायीच्या भांड्याला. मी मात्र इतके दिवस तिला चोर समजून ओरडत होतो.

नळाचा वॉशर बदलला. पाण्याचं पसरट मातीचं भांडं पॅसेजमध्ये, तिच्या खाण्याच्या ताटलीपासून लांब ठेवलं आणि दिवसातून दोनदा पाणी बदलू लागलो. ओटा 33 इंच उंच आहे. बाहेरच्या खोलीत, त्याच शेवग्याकडे बघणाऱ्या खिडकीशी मी पाच फुटांवर एक फळी ठोकली आणि त्यावर जुनी गोधडी घातली. मांजराला उंचावर बसायचंच असतं, तिथून त्याला सुरक्षित वाटतं. एक उंची बंद करायची तर दुसरी, तिच्याहून बरी, द्यावी लागते. स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कडेला दहा-बारा दिवस दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ठेवली. पायाला चिकटलेलं मांजराला अजिबात आवडत नाही आणि इजाही काही होत नाही.

शिकवण्याचं खरं काम केलं पाटाने. आईचा जेवायचा पाट माळ्यावर पडून होता, तो स्वयंपाकघराच्या दाराशी मांडला. चिंगी त्यावर बसली की लगेच, म्हणजे अगदी एक-दोन सेकंदांत, हरभऱ्याच्या डाळीएवढा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा पाटावरच द्यायचा. उशीर झाला तर तुकडा कशाबद्दल मिळाला ते तिला कळत नाही. कोंबडी बिनमिठाची, बिनफोडणीची. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, तेव्हा आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नये. ओट्यावर चढली तर काही न बोलता दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवायचं. तिच्याकडे बघायचंही नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी चढणं कमी न होता वाढलं. बहुतेक लोक इथेच सोडून देतात, म्हणून मुद्दाम लिहितो. आजवर उपयोगी पडलेली गोष्ट अचानक चालेनाशी झाली की जनावर आधी जोर लावून बघतं, मग सोडतं. तिसऱ्या आठवड्यात मी विळी घेतली की चिंगी आपणहून पाटावर येऊन बसू लागली. दिवाळीत नातू आला, त्याने जेवणाच्या टेबलावरून दोनदा तिला घास दिला, आणि पुढचे पंधरा दिवस ती टेबलावर चढत होती. रोज मिळणाऱ्या घासापेक्षा कधीतरी मिळणाऱ्या घासाची आशा सुटायला जास्त कठीण. घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा.

रात्री आपण झोपल्यावर ती वर जात असेलही. म्हणून रात्री ओट्यावर खरकटं भांडं नाही, साय फ्रिजमध्ये, सुकट घट्ट झाकणाच्या डब्यात. वर जाऊन काही हाती लागत नाही म्हटल्यावर जाणं आपोआप कमी होतं. माझी आजी हे न शिकता करत होती. तिची चूल जमिनीवर होती, मांजर वैलाशेजारी झोपायचं, आणि दूध-दही शिंक्यावर नाहीतर जाळीच्या फडताळात. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं, या म्हणीत बोक्याला कुणी दोष देत नाही. शिंकं मजबूत ठेवायचं काम माणसाचं होतं.

ओट्यावर मांजर नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. घाणीच्या ट्रेमध्ये उकरलेले पंजे पोळपाटाशेजारी नकोतच. मी कणीक मळण्याआधी ओटा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करतो. ट्रे रोज साफ करतो, कारण मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा नावाच्या रोगजंतूला माणसाला बाधण्याजोगं व्हायला निदान एक दिवस लागतो. घरात गरोदर बाई असेल तर ट्रेचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

हे सगळं आत्ताच लिहायला आणखी एक कारण घडलं. आमच्या गल्लीतल्या एका घराने गेल्या महिन्यात त्यांचा बोका पोत्यात घालून कृष्णेपलीकडे सोडून दिला. कारण एवढंच, की तो ओट्यावर चढायचा. पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा ठिकाणी टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. मी त्यांच्याशी जाऊन बोललो. त्यांना हे ठाऊक नव्हतं आणि आता त्यांच्या घरातली शाळकरी मुलगी रोज रडते.

आपल्याला विनंती अशी, की डांबर गोळ्या आणि फिनेलबद्दलची दुरुस्ती त्याच सदरात, त्याच जागी छापावी. ज्यांनी रविवारचं वाचून कोपऱ्यात गोळ्या ठेवल्या असतील त्यांच्यापर्यंत ती लवकर पोहोचायला हवी. माझं नाव छापू नये, शेजारच्यांना त्रास होईल.

तो बोका करड्या रंगाचा आहे, शेपटीचं टोक पांढरं, डावा कान थोडा फाटलेला. मी दोनदा सायकलवरून पलीकडे जाऊन हाका मारून आलो, दिसला नाही. पलीकडच्या कुणा वाचकाला दिसला तर त्याला पाणी ठेवावं आणि आपल्या कार्यालयात कळवावं. मी घ्यायला येईन.

आपला,
एक जुना वाचक
मिरज