अकरावीचे पहिले धडे प्रयोगशाळेत शिकवा

मा. संपादक,
महोदय,

अकरावी विज्ञानाचे वर्ग सुरू झाले की ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक क्लासेसमध्ये एककं, मापन आणि सदिश (मूल्याबरोबर दिशाही असलेल्या राशी) हे धडे झटपट उरकले जातात. सोपे धडे, कमी गुण, पुढे चला! सीईटी आणि नीट पर्यायी उत्तरांच्या परीक्षा असल्याने एकक पर्यायातच छापलेलं असतं आणि उत्तरात किती अंक ठेवायचे तेही पेपर काढणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. बारावीच्या ३० गुणांच्या प्रात्यक्षिकात मात्र या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यालाच ठरवाव्या लागतात. तिथे मग गेल्या वर्षीच्या जर्नलमधली रीडिंग्ज उतरवली जातात. हे धडे फळ्याऐवजी प्रयोगशाळेत शिकवावेत, एवढंच आमचं म्हणणं आहे.

व्हर्निअर कॅलिपर (जबड्यांत वस्तू धरून जाडी-व्यास मोजायचं उपकरण) घ्या. नेहमीच्या कॅलिपरचं लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०१ सेंमी, हे सगळ्यांना पाठ असतं. गाडी अडते ती शून्य त्रुटीपाशी, म्हणजे जबड्यांत काही नसतानाही शून्याऐवजी दिसणाऱ्या मापापाशी. जबडे मिटल्यावर व्हर्निअरचं (सरकत्या पट्टीचं) शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या डावीकडे गेलं आणि सातवी रेघ जुळली, तर त्रुटी उणे ०.०३ सेंमी असते, कारण व्हर्निअरच्या दहा भागांतून सात वजा करायचे असतात. मुलं ०.०७ घेतात आणि तीही रीडिंगमधून वजा करतात. उत्तर बरोबर १ मिलिमीटरने कमी येतं. २ सेंमी व्यासाच्या गोळीत ही चूक ५ टक्के, आणि आकारमानात व्यासाचा घन येत असल्याने तिथे जवळपास १५ टक्के.

स्क्रू गेजमधला (तारेची जाडी मोजायच्या उपकरणातला) सापळा याहून वाईट. ५० भागांची चकती आणि ०.५ मिमी पिच (एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर) असलेल्या गेजवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटली, की ०.८२ मिमीची तार ०.३२ मिमीची होते. रोधकता (पदार्थ विजेला किती विरोध करतो ते) काढताना व्यासाचा वर्ग येतो, त्यामुळे उत्तर साडेसहा पटींनी कमी. नायक्रोमची रोधकता साधारण १.१ × १०⁻⁶ ओहम-मीटर असायला हवी, ती १.७ × १०⁻⁷ येते आणि विद्यार्थी शांतपणे पान उलटतो! शिवाय स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवत न्यायचा. पुढे गेला म्हणून जरासा मागे घेतला, तर आट्यांमधल्या ढिलाईमुळे चकती फिरते, पण टोक जागचं हलत नाही. शेवटचा दाब रॅचेटनेच (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या टोकाच्या मुठीनेच) द्यायचा.

साध्या दोलकात (दोऱ्याला टांगून झुलवलेल्या गोळ्यात) तर अख्खा धडा सामावलेला आहे. लांबी १ मीटर असेल तर दोलनकाल (एका झोक्याला लागणारा वेळ) साधारण २ सेकंद. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते. एकच दोलन मोजलं तर कालात १० टक्के, आणि गुरुत्वत्वरणात कालाचा वर्ग असल्याने २० टक्के चूक. २० दोलनं मोजली तर तीच चूक ४० सेकंदांत वाटली जाते आणि त्वरणातली चूक १ टक्क्यावर येते. दोलनं २० का घ्यायची, याचं हे उत्तर किती वर्गांत सांगितलं जातं? मोजणी 'शून्य'पासून सुरू करायची; घड्याळ दाबताना 'एक' म्हटलं तर १९ दोलनांनाच २० धरलं जातं आणि त्वरण १०.८ येतं. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत घ्यायची. २ सेंमी व्यासाच्या गोळ्याची त्रिज्या विसरली, तर आणखी १ टक्का गेला. मग २० दोलनांना ४०.२ सेकंद लागले, तर कॅल्क्युलेटर त्वरण ९.७७१६४३ दाखवतो. त्यातले शेवटचे पाच अंक निव्वळ शोभेचे. लिहायचं ते ९.८ ± ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग.

एककांच्या रूपांतराला वेगळा तास नको. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटची जाहिरात पुरते. ६५० चौरस फूट म्हणजे ६०.४ चौरस मीटर, नुसतं ३.२८ ने भागणाऱ्याला १९८ चौरस मीटर मिळतात, आणि या भावात तसा फ्लॅट कुणी देत असेल तर आम्हालाही कळवा. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे ३.६ × १०⁶ ज्यूल, हेही घरचं बिल समोर ठेवूनच करून घ्यावं.

सदिशांचं दुखणं निराळं आहे. आकृती न काढता सूत्र लावलं जातं. ठाण्याची खाडी डोळ्यांसमोर आणा. समजा पात्र १२०० मीटर रुंद, होडीचा पाण्यातला वेग ४ मीटर प्रति सेकंद आणि भरतीचा ओढ ३. (खाडीत ओढ इतका नसेल, पण गणितासाठी मुद्दाम मोठा घ्यावा; लहान आकड्यांत पुढचे दोन्ही कोन जवळजवळ सारखेच येतात आणि चूक लपते.) नाक सरळ समोर ठेवलं तर होडी ३०० सेकंदांत पलीकडे पोचते, पण ९०० मीटर बाजूला; मार्ग ३६.९ अंशांनी कलतो. नेमकं समोरच उतरायचं असेल तर नाक ओढाविरुद्ध ४८.६ अंश वळवावं लागतं आणि सुमारे ४५४ सेकंद लागतात. पहिल्या प्रश्नात टॅन, दुसऱ्यात साइन, कारण दुसऱ्या त्रिकोणात होडीचा वेग कर्ण होतो. हे पाठ करून जमत नाही, त्रिकोण काढल्यावर दिसतं. ओढ ४ च्या वर गेला की समोर उतरणं अशक्यच.

सदिशांची हीच बेरीज बलांवर पडताळायला दोन कप्प्या, दोरा आणि वजनं पुरतात. बाजूंना ३० व ४० ग्रॅम, मध्ये ५० ग्रॅम लावले की पहिल्या दोन दोऱ्यांत काटकोन येतो. गाठ बोटाने जरा ढकलून सोडावी. ती पूर्वीच्या जागी परतली नाही, तर कप्पीत घर्षण आहे. वहीत बल ग्रॅममध्ये लिहू देऊ नये. ५० ग्रॅमचं वजन म्हणजे ०.४९ न्यूटन.

यासाठी नवी खरेदी फारशी लागत नाही. उपकरणं कपाटात असतात, पण खाडीकाठच्या दमट हवेत स्क्रू गेज गंजून जड फिरतात, मग दाब चुकतो आणि रीडिंगही. वर्ग सुरू होण्याआधी प्रयोगशाळा सहायकांनी प्रत्येक गेजच्या आट्यांना मशीन ऑइलचा एक थेंब द्यावा, टोकं कोऱ्या कागदाने पुसावीत आणि शून्य त्रुटी तपासून घ्यावी. ती त्रुटी डब्यावर लिहून मात्र ठेवू नये. ती विद्यार्थ्यानेच काढायची आहे.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही शिक्षक, वाशी व ऐरोली