पक्की सहा मतं

क्लिफ्टन, न्यू जर्सी
16 नोव्हेंबर 2025

प्रिय बाळ्या,

कुठले लोक किती, हे मोजून निवडणुकीचा निकाल सांगता येतो, ही माझी पैज होती. ती मी हरलो. तेव्हा आधी ते वाक्य लिहून टाकतो, म्हणजे पैज फिटली. "बाळ्या, तुझं बरोबर होतं." हाताने, शाईच्या पेनाने, ठरल्याप्रमाणे. पेन शोधण्यात वर्ष गेलं असं समज.

खरं कारण तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी ट्रम्प पुन्हा जिंकला, त्या 6 नोव्हेंबरला सकाळी तुझ्याकडून नुसता आण्णांच्या निवडणुकीच्या त्या चौकटीच्या वहीतल्या एका पानाचा फोटो आला. खाली एक अक्षर नाही. चार शिव्या घातल्या असत्यास तर मी उत्तर दिलं असतं. ती वही तू अजून जपून ठेवलीस हे बघून मी फोन उलटा ठेवला, तो वर्षभर उलटाच राहिला. मध्ये सुमीचं लग्न झालं, मी आलो नाही, साधा फोनही केला नाही. त्याच्या शिव्या राखून ठेव, आलो की एकदमच घाल.

शुगर गोळीवर आहे, गुडघा आहे तसाच. नंदा मजेत.

आता मुद्द्यावर येतो. 2012 चा डिसेंबर आठव. स्टँडमागची मिसळ, तू, मी आणि पक्या. ओबामा नुकता दुसऱ्यांदा निवडून आला होता आणि मी पेपराच्या कडेला तुला गणित मांडून दाखवत होतो. रिपब्लिकनांच्या थोरल्या बुशला 1988 ला गोऱ्यांची साधारण 59-60 टक्के मतं पडली आणि तो 40 राज्यं घेऊन गेला. त्यांच्याच रॉम्नीला 2012 ला गोऱ्यांची 59 टक्केच पडली आणि तो सपशेल आपटला. का? तर 1988 ला शंभर मतदारांत पंच्याऐंशी गोरे होते, 2012 ला बहात्तर उरले. मी म्हणालो, ही आता उताराची गाडी आहे. दर निवडणुकीला गोरे दोन-दोन टक्क्यांनी घटणार, लॅटिनो आणि आशियाई वाढणार, रिपब्लिकन पक्ष बदलला नाही तर त्याला व्हाइट हाउस कायमचं बंद. तू पावाने रस्सा पुसत एवढंच म्हणालास, "शिंप्यांची आळी." आणि पक्या ठसका लागेपर्यंत हसला.

तो वार मला अजून लागतो, लेका. आण्णा उभे होते त्या वॉर्डात मी घरन्‌घर लिहून काढलं होतं, पक्की, कच्ची, डळमळीत असे तीन रकाने करून. शिंपी आळी पूर्ण पक्की, कारण आण्णांची सासुरवाड. 212 मतांनी निवडून येणार म्हणून मी गुलालाची पोतीसुद्धा सांगून ठेवली होती. पडलो 9 मतांनी. का, तर आळीत नळ पहाटे चारला यायचा. बायका तीन वर्षं वेळ बदलून मागत होत्या आणि आण्णा "बघू" म्हणत होते. नळाला माझ्या वहीत रकानाच नव्हता.

तरी मी सुधारलो नाही. 2016 ला ट्रम्प आला तेव्हा तुझा फोन आला होता आणि मी तो अपघात म्हणून उडवून लावला होता. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेन्सिल्वेनिया, तिन्ही मिळून जेमतेम 78 हजार मतांचा फरक. निकाल राज्यवार लागतो म्हणून, नाहीतर देशभरची बेरीज केली तर हिलरीच 28 लाखांनी पुढे होती. मजा अशी की 2013 मध्ये रिपब्लिकनांनीच अहवाल काढून कबूल केलं होतं की लॅटिनोंना जवळ करा, इमिग्रेशनबद्दल नरम व्हा. म्हणजे माझं गणित त्यांनाही पटलं होतं. ट्रम्पने बरोबर उलटं केलं आणि जिंकला. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. आयोवा घे. 2012 ला ओबामा तिथे 6 टक्क्यांनी पुढे, 2016 ला ट्रम्प 9 टक्क्यांनी. चार वर्षांत आयोवात कुठून माणसं आली की गेली? कुणी नाही. तेच मक्याचे शेतकरी, तेच कारखान्यातले कामगार, तीच घरं. वेस्ट व्हर्जिनियाचं तर विचारूच नकोस. 1996 पर्यंत क्लिंटनला निवडून देणारं राज्य आता शंभरातली सत्तर मतं ट्रम्पला टाकतं, आणि आळी तीच!

2020 ला मात्र मी तुला रात्री दोनला उठवून सांगितलं होतं, जॉर्जिया बघ, जॉर्जिया! बायडन 11,779 मतांनी पुढे, अटलांटाच्या उपनगरांत नवी माणसं आली म्हणून. ते खोटं नव्हतं. पण त्याच रात्री टेक्सासच्या टोकाला, मेक्सिकोच्या हद्दीवर, स्टार काउंटी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) डेमोक्रॅटांच्या हातून घसरत होती आणि मी तिकडे काणाडोळा केला. त्या काउंटीत शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक लॅटिनो. माझ्या हिशोबाने डेमोक्रॅटांची शिंपी आळीच. 2016 ला हिलरीला 79 टक्के, 2020 ला बायडन पाचच टक्क्यांनी पुढे, आणि 2024 ला ट्रम्पला 58 टक्के. 1892 नंतर पहिल्यांदा तिथे रिपब्लिकन जिंकला.

आता ती रात्र सांगतो. हे नंदा सोडून कुणाशी बोललो नाही. 5 नोव्हेंबर, स्वयंपाकघरातलं टेबल, माझा लॅपटॉप, एक्सेल उघडं. हो, मी अजून रकाने भरतो, हस खुशाल. चिनू आला, फ्रीजमधला भात उभ्याउभ्याच खायला लागला आणि स्क्रीनकडे बघून म्हणाला, "बाबा, यात मी कुठे आहे?" मी दाखवलं: आशियाई, 18 ते 29, कॉलेज. तो घास गिळून म्हणाला, "मग तिथून एक मायनस कर." भांडं सिंकमध्ये ठेवलं, त्यात पाणी घातलं आणि वर गेला.

माझा हात खरोखर त्या खान्यावर गेला रे. मायनस करायला.

तीन दिवस मी त्याला विचारलंच नाही. मग त्यानेच सांगितलं. जर्सी सिटीत खोलीचं भाडं, डोक्यावर कॉलेजचं कर्ज, पगार हातात येतो आणि दहा तारखेला संपतो. वर म्हणाला, "तुम्ही लोक फॉर्म भरल्यासारखं मत देता." नंदा म्हणाली, मला माहीत होतं. मी विचारलं, तू कुणाला दिलंस? म्हणाली, माझं विचारू नकोस. झालं, घरात तीन मतं आणि मला फक्त एकाची खात्री!

नंतर आकडे बघितले तर चिनू काही एकटा नाही. भारतीय वंशाच्या मतदारांचा कार्नेगी या अभ्यास संस्थेचा एक सर्व्हे असतो. त्यात 2020 ला बायडनकडे 72 टक्के कल होता, 2024 ला डेमोक्रॅटांच्या कमला हॅरिसकडे 61. आणि तिची आई आपल्याकडची, मद्रासची! चाळिशीच्या आतल्या पुरुषांत तर ट्रम्प थोडा पुढेच. गोरे-काळे-लॅटिनो यांचं प्रमाण चार वर्षांत टक्का-दोन टक्के हलतं. त्यांची मनं तेवढ्याच वेळात दहा-दहा टक्के हलतात. मी हळू चालणारा काटा बघत बसलो होतो.

आणि हे गटसुद्धा कुणी पाडले? माझा न्हावी डोमिनिकन आहे. त्याला लॅटिनो म्हटलं की वस्तरा थांबवून माझ्याकडे बघतो. शेजारच्या मेक्सिकन दुकानदाराशी आपलं काही नातं आहे हे त्याला मान्यच नाही. तेव्हा मला तू आठवतोस. मी वहीत 'ओबीसी' अशी एकच ओळ घातली होती आणि तू म्हणाला होतास, माळी आणि धनगर सोयरीक करतात का, मग एका ओळीत कसे बसवतोस?

तर वर्षभर मी नवा सिद्धांत धरून बसलो होतो, की लॅटिनो गेले, कायमचे गेले. पुरावा दाराशीच होता. आमची पसेइक काउंटी ट्रम्पकडे गेली. शेजारचं पसेइक शहर, जिथे दहातले सात जण लॅटिनो, तिथेही तोच पुढे. हॅरिसने न्यू जर्सी राखलं, पण बायडनची 16 टक्क्यांची आघाडी 6 वर आली. आता या 4 नोव्हेंबरला इथे गव्हर्नरची निवडणूक झाली. मिकी शेरिल, डेमोक्रॅट, तेरा-चौदा टक्क्यांनी आली आणि पसेइक काउंटी गुमान परत फिरली. बारा महिन्यांत! वस्ती तीच, न्हावीसुद्धा तोच. गेल्या वर्षी तो किराण्याचे भाव सांगत होता. यंदा म्हणाला, इमिग्रेशनवाल्यांच्या धरपकडीच्या भीतीने गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही, खुर्ची रिकामी असते. आणि जूनपासून विजेची बिलं अशी वाढलीत की बस. शेरिल दर गोठवते म्हणाली. बाळ्या, नळ रे! पुन्हा नळच!

तू म्हणशील, गव्हर्नरला येणारा मतदार वेगळा, अध्यक्षाला येणारा वेगळा. मान्य. चिनू यंदा मत द्यायला गेलाच नाही.

पण पैज फिटली म्हणून सगळंच कबूल करणार नाही. व्हर्जिनिया 1968 ते 2004 प्रत्येक वेळी रिपब्लिकन होतं, 2008 पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅट. तिथे वॉशिंग्टनच्या कडेला माणसंच बदलली, आपला पक्याच जाऊन बसलाय ना! भांडण कुठल्या राज्यात होणार, हे माणसं बदलल्याने ठरतं. कोण जिंकणार हेही त्यानेच ठरतं म्हणालो, तिथे मी हरलो. आणि तुझ्यासाठी एक गंमत: डेट्रॉइटचा मोठा भाग ज्या मतदारसंघात येतो तिथून अमेरिकन संसदेत कोण आहे? आपले बेळगावचे श्री ठाणेदार. काळ्यांची वस्ती, काळे उमेदवार बरेच, मतविभागणी झाली आणि 2022 ला पक्षाचा उमेदवार ठरवायच्या प्राथमिक फेरीत हे 28 टक्क्यांवर जिंकून गेले. हे कुठल्या रकान्यात घालू सांग.

2 डिसेंबरला तुमच्या नगरपालिकेचं मतदान, म्हणजे तू सध्या उंबरे झिजवत असशील. वहिनींचं कंबरेचं दुखणं कसं आहे? सुमीच्या सासरची माणसं बरी आहेत ना? आक्कांना नमस्कार सांग.

आक्कांवरून आठवलं. काल रात्री वर्षभराने तो फोटो पुन्हा उघडला आणि मोठा करून बघितला. पान तुमच्या गल्लीचं आहे. तुमच्या घरापुढे माझ्या अक्षरात 'पक्की 6', आणि त्या सहाभोवती लाल गोल. तो माझा नाही, मी शिसपेनाने लिहायचो. आणि तुमच्या गल्लीलाही पाणी पहाटे चारलाच यायचं. आक्का कंदील घेऊन रांगेत उभ्या असायच्या, मीच दोनदा त्यांची घागर उचलून आणली आहे. आपण पडलो 9 मतांनी. सहा मतं तिकडून इकडे आली असती तर 3 मतांनी आलो असतो.

खरं सांग बाळ्या, ती सहा कुठे गेली? आक्कांनी फिरवली, की तूही त्यात होतास?

उत्तर पोस्टाने पाठव. फोटो नको.

तुझाच,
दिल्या