उतू जाणारा फेस

कागल, मार्गशीर्ष

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर धड बोलणं झालंच नाही. तू एका हाताने फरशी पुसत होतीस आणि मी गुऱ्हाळावर उभा, मागे चरकाची घरघर. त्यात "बाबा, समुद्री माशांच्या टाकीचा स्किमर बिघडलाय, नवाच मागवते" म्हणून तू फोन ठेवून दिलास. मागवू नकोस. मागवला असशील तर परत कर. फेसावाटे टाकीतली घाण वरच्या कपात काढायचं यंत्र ते, बिघडलेलं नाही. रात्रभर अंथरुणात पडून तू सांगितलेलं एकेक आठवत गेलो तेव्हा सगळा उलगडा झाला. पुन्हा फोन केला तर पुन्हा घाई होईल, म्हणून लिहायला बसलोय.

आधी एक काम कर आणि मगच पुढे वाच. टाकीखालचा एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर असेल तर उचलून भिंतीला लाव. वायरी बोर्डात जाण्याआधी खाली झोळ घेतील अशा सोड, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी बोर्डात न शिरता झोळातून खाली ठिबकेल. खारं पाणी फरशीवर सांडलं तर पुसता येतं, बोर्डात गेलं तर काय होतं ते तुला सांगायला नको.

आता शनिवारपासून सुरुवात करू. दुपारी तू टाकीतले खडक पक्के करायला दोन रंगांची चिकटवायची पुटी मळून लावलीस. कोपरापर्यंत हात पाण्यात होते. थंडीचे दिवस, पुण्यातली कोरडी हवा, तू लोशन लावतेस हे मला माहीत आहे. संध्याकाळी बघितलंस तर स्किमरमध्ये फेसच नाही, नुसतं पाणी खदखदतंय. म्हणून तू बाहेर जाणाऱ्या पाण्याची नळी थोडी आवळलीस, कपाच्या गळ्यात पाणी वर चढवलंस आणि झोपलीस. पहाटे खोलीभर पाणी. आणि तुझं सगळ्यात मोलाचं वाक्य तू जाता जाता बोललीस: "सकाळी बघितलं तर आपोआप शांत झाला होता, पण टॉप-अपचा कॅन भरला आणि परत सुरू!"

आटलेलं पाणी आपोआप भरून काढतो तो टॉप-अप, आणि या एका वाक्यात सगळं उत्तर आहे. पण ते कळायला तुला काहिलीपाशी नेलं पाहिजे.

लहानपणी तू गुऱ्हाळावर यायचीस ते गरम गुळासाठी, काहिलीकडे तुझं लक्ष नसायचं. रस तापायला लागला की त्यात भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतात. रसातली घाण त्याला धरून वर येते, काळपट साय जमते, ती मळी झाऱ्याने काढून टाकायची. स्किमर हेच करतो, फक्त जाळाऐवजी हवेने. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, शेवाळाचा चिकटा यातल्या पुष्कळशा रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. हवेचा बुडबुडा दिसला की ते त्याच्या अंगाला चिकटतात. असे लाखो बारीक बुडबुडे गळ्यातून वर चढतात, वाटेत पाणी निथळून जातं आणि कपात उरते ती चहासारखी तपकिरी, वास मारणारी मळी. गोड्या पाण्यात हे जमत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. म्हणून तर तुझ्या मावशीच्या गोल्डफिशच्या टाकीला आपण कधी स्किमर लावला नाही.

आता पुढचं. रस आटत आला की पाक फसफसून वर चढतो, काठाबाहेर येऊ बघतो. तेव्हा आपला गुळव्या काय करतो? चिमटीने शेंगतेलाचे चार थेंब टाकतो, आणि वीतभर चढलेला फेस खाली बसतो. तेल फेसाचं वैरी. तुझ्या हातावरच्या लोशनने शनिवारी तेच केलं. स्किमर ठीक होता, पाण्यात कचराही होता, फक्त तेलामुळे फेस धरत नव्हता. माशांना तेलकट खाणं घातल्यावरही असंच होतं, तास-दोन तास, कधी आणखी जास्त, फेस बसून राहतो आणि मग हळूहळू परत येतो. अशा बसलेल्या फेसावर जो स्किमर वर चढवतो तो रात्री पाण्यात झोपतो. तू चढवलास. मध्यरात्रीपर्यंत तेलाचा असर ओसरला, आणि तोवर पुटीतून निघालेला चिकटा पाण्यात पुरता मिसळला होता. ती पुटी पाण्यात घट्ट होताना असं काही सोडते की स्किमर वेड्यासारखा फेसाळतो. एक दिवस, कधी दोन-तीन दिवस. यात तुझं काही चुकलं नाही, पुटी लावायलाच हवी होती. फक्त त्या रात्री कप काढून ठेवायचा असतो, एवढं मी तुला सांगायला हवं होतं.

आणि ते "आपोआप शांत" होणं? ते खरं घाबरण्यासारखं आहे. स्किमर संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या छोट्या टाकीत, बसतो, त्यामुळे संपातलं पाणी जितकं उंच तितका त्याच्या गळ्यात चढतो. त्याने कपाच्या नळीतून बाटलीत आणि बाटली भरून फरशीवर पाणी फेकलं की संपची पातळी उतरायला हवी आणि तो गप्प बसायला हवा. पण पातळी उतरली की टॉप-अपच्या फ्लोटला, पातळी बघणाऱ्या तरंगत्या खटक्याला, वाटतं पाणी आटलं, आणि तो कॅनमधलं आरओचं गाळलेलं, बिनमिठाचं पाणी सोडतो. पातळी पुन्हा वर, स्किमर पुन्हा ओकायला तयार. कॅन संपेपर्यंत हे चाललं. कॅन रिकामा झाला, पातळी खरोखर उतरली, तेव्हा तो थांबला. तू कॅन भरलास आणि त्याला पुन्हा दाणापाणी मिळालं.

म्हणजे फरशीवर सांडलं ते खारं पाणी आणि टाकीत आलं ते गोडं. हिशोब कर. कॅन दहा लिटरचा. रात्रभरात आटलं असेल ते लिटरभर सोडलं तरी नऊ लिटर समुद्र गेला. टाकी आणि संप मिळून तुझं शंभर लिटर पाणी. क्षारता ३५, म्हणजे हजारात ३५ भाग मीठ, होती असं धरलं तर आता ३२ च्या आत-बाहेर असेल. सकाळी दुसऱ्यांदा किती ओकलं ते तूच बघितलंस, तेवढी आणखी खाली. मोठ्या टाकीत हे पचून जातं, शंभर लिटरमध्ये नाही. जोडीतले दोन्ही क्लाउनफिश हे सोसतील, मासे अंगातलं मिठाचं प्रमाण स्वतःच सांभाळून घेतात. मला काळजी आहे ती झिंग्याची आणि गोगलगायींची. प्रवाळही मिटून बसतील.

म्हणून तर ठाण्याची ती २०११ सालची रात्र मला अजून टोचते. तू चौथीत होतीस. तेव्हा मी नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला एक द्रव वापरला होता. माशांच्या अंगावर चिकट थर धरवणारा, बाटलीवर मोठ्या अभिमानाने तसं लिहिलेलंही होतं. तोच चिकटा स्किमरला पुरला. फेस उतू जायला लागल्यावर मी काय करावं? झडप उघडली. दहा मिनिटांनी हवेची नळी दाबली. मग स्किमर उचलून खाली लाकडी ठोकळा ठेवला. मग झडप परत बंद केली. पहाटे चारपर्यंत बारा-तेरा वेळा हात घातला आणि प्रत्येक वेळी वाटलं, आता बसलं. शेवटी कशाने काय झालं हे कळायची सोयच उरली नाही. टॉप-अप मात्र इमानेइतबारे गोडं पाणी भरत होता. लाल झिंगा तिसऱ्या दिवशी मेला. तुझ्या आईने फरशी पुसता पुसता विचारलं होतं, "त्या यंत्राला जरा एकटं का सोडत नाही तुम्ही?" तिचंच बरोबर होतं, पण तेव्हा मी रागावलो.

तर आता करायचं काय. सगळ्यात आधी टॉप-अपची पिन काढ. मग क्षारता मोज. रिफ्रॅक्टोमीटर घर बदलताना नक्की हलला असेल, म्हणून ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तो आधी जुळवून घे. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य लावलास तर वरच्या आकड्यांत फरक पडू शकतो. आकडा कमी निघाला तर मीठ थेट टाकीत कधीही ओतू नकोस. रोज लिटरभर पाणी आटतं ना, त्याच्या जागी काही दिवस गोड्याऐवजी ३५ चंच खारं पाणी घाल. रोज साधारण पाव-अर्धा अंश चढेल, आठ-दहा दिवसांत जागेवर येईल. घाई नाही. उतरणी झाली ती एका रात्रीत झाली, चढण हळू राहू दे.

पुटीसाठी वीस लिटर पाणी बदल. नवं पाणी टाकीच्याच क्षारतेचं घे, बदलता बदलता आकडा उडवू नकोस. संपमध्ये अॅक्टिव्हेटेड कोळशाची पिशवी टाक. कोळसा आधी आरओच्या पाण्यात खळखळून धू, नाहीतर टाकीभर काजळी होईल.

स्किमर दोन दिवस पूर्ण बंद ठेवायचा मोह होईल. तसं करू नकोस, कारण छोट्या टाकीत तो हवाही देतो. कप काढून ठेव आणि तसाच चालू ठेव, नुसता खदखदू दे. बारीक बुडबुडे टाकीत दिसतील, दिसू देत. रात्री अगदीच आवाज सहन झाला नाही तर बंद कर, पण मग रिटर्नचं, म्हणजे संपातून टाकीत परत येणाऱ्या नळीचं, तोंड पाण्याच्या वरच्या पृष्ठाकडे वळव, म्हणजे पाणी हलतं राहील.

परवा कप लावायच्या आधी गळा आतून पुसून घे. नुसत्या गरम पाण्याने, साबण नाही. भांडी घासायचं लिक्विड चमचाभर जरी त्यात राहिलं तरी हेच सगळं पहिल्यापासून सुरू होईल. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा पापुद्रा धरला असेल तर अर्धं पांढरं व्हिनेगर आणि अर्धं पाणी यात तासभर बुडवून ठेव. मग बाहेरची नळी पूर्ण उघडी ठेवून सुरू कर. पाणी आणि फेस जिथे भेटतात ती रेघ कपाच्या गळ्याच्या अगदी तळाशी हवी, वर नाही. नंतर आवळायची ती एका वेळी जराशी, आणि दिवसभर हात लावायचा नाही. टाकीत हात घातला असेल किंवा माशांना खाऊ घातलं असेल त्या दिवशी तर मुळीच नाही. वीज जाऊन आली की संप तुडुंब भरलेला असतो, तेव्हा आधी रिटर्न पंप, आणि दहा मिनिटांनी स्किमरची पिन.

नवीन ठिकाणी संप बसवलास तेव्हा त्यात पाणी किती खोल ठेवलंस? स्किमरच्या खोक्यावर खोली लिहिलेली आहे, ती पट्टीने मोजून बघ. जुन्या घरी तो अॅक्रिलिकच्या तुकड्यावर उभा होता. तो तुकडा सामानात कुठे गेला कोण जाणे. नसेल तर शोध, कारण एका सेंटिमीटरनेसुद्धा फरक पडतो.

आणि ती बाटली. कपाच्या तळाला नळी लावून मळी दोन लिटरच्या बाटलीत सोडायची शक्कल माझीच, मोठ्या हुशारीने केलेली. ती काढून टाक आणि त्या जागी बूच लाव. कप भरलाच तर घाण झाकणातून परत संपमध्येच पडेल. वाईट वाटेल, पण समुद्र घरातल्या घरात राहील आणि फ्लोटला फसायला जागा मिळणार नाही. टॉप-अपचा कॅनही दहाऐवजी तीन लिटरचा ठेव. रोज भरावा लागला तर भर. एका रात्रीत जास्तीत जास्त किती गोडं पाणी टाकीत जाऊ शकतं हे कॅनच्या मापावर ठरतं.

खरं सांगू? एवढ्याशा टाकीला स्किमर नसता तरी चाललं असतं. दर आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी बदललं तरी पुरतं. मी तो तुला दिला तो जुन्या सवयीने, आणि थोडा हौसेने. क्रॉफर्ड मार्केटमधून पहिला आणला तेव्हा तू त्या कपातल्या मळीचा वास घेऊन "समुद्राने शी केली" म्हणाली होतीस. अजून सगळ्यांना सांगतो.

झिंगा कसा आहे ते रोज कळव. खडकामागे लपला असेल आणि पांढरं पारदर्शक कवच पडलेलं दिसलं तर घाबरू नकोस. मेला म्हणून उचलून टाकू नकोस, कात टाकली असेल. दोन दिवस थांब.

इथे हंगाम जोरात आहे. काल सात काहिली उतरल्या. आई बरी आहे, गुडघा तेवढा बोलतो.

तुझा,
बाबा

ता. क. – संजूदादा रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे काकवीच्या दोन बाटल्या देतोय. एक तुझी. दुसरी खालच्या मजल्यावरच्या काकूंना नेऊन दे, आणि त्यांच्या छताला ओल आलीय का ते आपणहून विचार.