पंख्यातला दिवा आणि बाबांचं स्टूल

पुणे, १४ एप्रिल

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हो हो, बघतो" म्हणून फोन आईकडे देतात आणि मग आपण दोघी लोणच्याच्या कैऱ्यांवर येतो. म्हणून सरळ कागदावर लिहितेय. बाबा, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा. आई, ते मध्येच उठले तर पुन्हा बसव.

हॉलमधल्या दिव्याच्या पंख्याबद्दल लिहायचंय. शेजारच्या काकू सांगत होत्या, तुम्ही परत स्टुलावर चढून त्यातला बल्ब बदललात. गुडघ्याचा पट्टा बांधून, एका हाताने पंख्याची पाती धरून! चौऱ्याहत्तराव्या वर्षी! रागावणार होते, पण मग वाटलं, मूळ प्रश्न वेगळाच आहे. बल्ब इतक्यांदा जातोच का? तो गेला नाही तर तुम्ही चढणारही नाही. एलईडी लावायचा तो त्यासाठीच.

आधी एक आठवण करून देते, कारण आई म्हणते, "हा पंखा घेतलाच कशाला." पूर्वीची ट्यूब भिंतीवर पात्यांच्या वर होती. पंखा फिरला की पाती उजेड कापायची. तीन पाती, मिनिटाला तीनेकशे फेरे, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा सावली तुमच्या पेपरावरून जायची. तुम्हाला वाटायचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं. डोळ्यांना काही झालं नव्हतं. दिवा पात्यांच्या खाली आला आणि ती लपलप थांबली. तेव्हा पंखा बरोबर आहे. गडबड त्याच्या जोडणीत आहे आणि त्यात घातलेल्या बल्बांत.

आई म्हणाली होती, पंखा दोनवर ठेवला की दिवा फडफडतो आणि पाचवर केला की शांत होतो. तिथेच सगळं कळलं. आपलं घर बांधलं तेव्हा पंख्याच्या पॉइंटला दोनच वायरी आणल्या होत्या, कारण पंख्यात दिवा असेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. नव्या पंख्याला मात्र फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, दोन वेगळ्या वायरी लागतात, एक मोटरीला आणि एक दिव्याला. पंखा बसवणाऱ्याने काय केलं असणार? दोन्ही टोकं एकत्र पिळून त्याच एका वायरीला जोडली आणि वर टेप गुंडाळली. आता दिवासुद्धा रेग्युलेटरमधून चालतो. रेग्युलेटर खालच्या नंबरांवर वाटेत कंडेन्सर घालून पंख्याचा व्होल्टेज कमी करतो. मोटर ते सहन करते, हळू फिरते एवढंच. एलईडीच्या बुडात मात्र छोटं सर्किट असतं, त्याला पूर्ण व्होल्टेज हवा. अर्धामुर्धा मिळाला की ते चालू-बंद, चालू-बंद करत राहतं आणि शेवटी जळतं. पाचव्या नंबरावर रेग्युलेटर बाजूला होतो, सरळ वीज जाते, म्हणून तिथे दिवा नीट लागतो. दुकानदाराने "डिमेबल बल्ब (उजेड कमी-जास्त होणारे) घ्या" म्हटलं तर घेऊ नका. ते बल्ब दिव्याच्या डिमरसाठी असतात, पंख्याच्या रेग्युलेटरवर त्यांचा भरवसा नाही.

उपाय एकच. बोर्डापासून पंख्यापर्यंत त्याच पाइपातून आणखी एक वायर ओढायची आणि दिव्याला स्वतंत्र बटन द्यायचं. ओढतच आहेत तर हिरवी अर्थिंगची वायरही ओढून घ्या, पंख्याची बॉडी लोखंडी आहे. पाइप तुंबला असेल आणि वायर सरकत नसेल तर दांडीच्या वरच्या वाटीत बसणारा रिमोटचा रिसीव्हर मिळतो. तो लावला की पंखा आणि दिवा वेगळे होतात, पण मग भिंतीवरचा रेग्युलेटर काढूनच टाकायला हवा. दोन्ही ठेवले की पुन्हा तेच रामायण.

आता बाबांचा मुद्दा, की एलईडी तापत नाही. बाबा, उजेड तापत नाही, बूड तापतं. जुना पिवळा बल्ब आपली उष्णता किरणांनी बाहेर फेकायचा, म्हणून हात जवळ नेला तरी चटका बसायचा. एलईडीची उष्णता चिपच्या पाठीमागे साठते आणि बुडावाटे हवेत जावी लागते. आपल्या पंख्याला दुधी काचेची बंद वाटी आहे आणि तुम्ही आत ९-९ वॅटचे दोन बल्ब घातलेत. वर अकोल्याचा मे महिन्यातला स्लॅब, जो रात्री अकरालाही हाताला गरम लागतो. "पंख्याचा वारा लागतोच की" हे तुमचं म्हणणं मी ऐकलंय, पण तो वारा खाली जातो, वाटीच्या आत हवा जागची हलत नाही. खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं. रोज पाच तास धरले तर तेरा वर्षांहून जास्त होतात. पण तो आकडा साधारण २५ अंशाच्या हवेतला. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा करतात, की दर दहा अंश वाढले की बल्बाच्या आतल्या कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. वाटीतलं तापमान किती असेल याचा तुम्हीच अंदाज करा. दिवसभर पॅनेल बोर्ड आणि कंडेन्सर यांच्यातच माझा वेळ जातो, तेव्हा एवढं माझं ऐका.

म्हणून बल्ब असे आणायचे. ५ वॅटचे दोन, ९ चे नाहीत. ज्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात "बंद फिटिंगमध्ये वापरू नये" असं लिहिलेलं असेल, तो नको. वॅटच्या शेजारी ल्यूमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघा, एकेकाचे साडेचारशेच्या आसपास असले तर जेवायच्या टेबलाला पुरेत. खोक्यावर आयएस १६१०२ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि "आर"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. अकोल्यात टिळक रोडवर रस्त्याच्या कडेला ढिगातले मिळतात, ते नकोत. स्वस्तात मिळतात खरं, पण त्यांच्यापायीच तुमचं स्टूल बाहेर निघतं. सरकारच्या उजाला योजनेत लाइट बिल दाखवून आणलेले आपले बल्ब आठवा. त्यातला न्हाणीघरातला अजून चालू आहे, कारण तो उघड्या होल्डरात आहे.

आईसाठी रंगाचं सांगते. आता आहेत ते ६५०० केल्विनचे, निळसर पांढरे. त्यात वरण फिकट दिसतं असं ती म्हणते, आणि तिचं खरं आहे. ३००० चे घ्या, खोक्यावर "वॉर्म व्हाइट" असतं. मेथी निवडताना थोडा जास्त उजेड लागला तर तिथे टेबलावर वेगळा दिवा ठेवू. सगळा भार पंख्यावर टाकायला नको.

आणि आता खरं काळजीचं. आई, तू सहज म्हणालीस की बटन बंद केलं तरी रात्री वाटी मंद उजळलेली दिसते आणि बाबा त्याला "झिरोचा बल्ब फुकटात" म्हणतात. मला ते ऐकून हसू आलं नाही. रेग्युलेटरच्या शेजारच्या बटनात लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून झिरपणाऱ्या विजेनेही असं होतं, ते निरुपद्रवी. पण बोर्डात बटन फेजऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीवर, जोडलेलं असेल, आणि जुन्या घरांत असं सर्रास सापडतं, तर बटन बंद असताना दिवा विझल्यासारखा दिसतो पण होल्डर जिवंतच राहतो. बाबा, तुम्ही "बटन बंद केलंय" म्हणून त्याच होल्डरात बोटं घालता. स्टुलावर उभे राहून. वायरमनकडून टेस्टर लावून हे तपासून घ्या, तुम्ही स्वतः नका तपासू. आणि तोवर काहीही काढायचं असेल तर बोर्डाचं बटन नाही, मीटरजवळचा मेन खाली पाडायचा. आई, हे तुझ्यावर सोडते. तुझ्या हातात मेन असला की मी निर्धास्त.

वायरमन आला की वाटीचे तीन स्क्रूही बघायला सांगा. पंख्याच्या थरथरीने ते हळूहळू सैल होतात. काचेखाली रबराची पातळ रिंग होती, ती साफ करताना फेकली गेली असावी, कारण दिवाळीत वाटी किणकिणत होती. आणि वापरात नसलेल्या तिसऱ्या होल्डरात अजून जुना सीएफएल आहे असं वाटतंय. तो काढून वेगळ्या डब्यात ठेवा, फोडू नका, त्यात पारा असतो.

खर्चाचं बाबा विचारतीलच. बल्बांनी वाचतं ते थोडं. दोन पाचचे म्हणजे दहा वॅट, आता अठरा जळतात. पंख्याची जुन्या धाटणीची मोटर एकटीच पंचाहत्तरच्या घरात खाते. २०२३ च्या जानेवारीपासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे आणि त्यातले बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे तीसेक वॅटवर चालतात. हा पंखा खराब झाला की तसला घेऊ. उगाच चांगला पंखा मोडीत काढायचा नाही, हे तुमच्याकडूनच शिकलेय.

वायरमनशी माझं बोलणं झालंय. रविवारी सकाळी येईल. त्याचे पैसे मी पाठवते, तुम्ही घासाघीस करू नका, चहा मात्र द्या. बल्ब तोच आणेल, पण खोक्यावरचे आकडे मला फोनवर वाचून दाखवा. आणि ते स्टूल शेजारच्या काकूंकडे देऊन ठेवा. त्यांना पापडाला लागतं, असं त्या मला म्हणाल्यात.

मुलाची परीक्षा ५ मेला संपतेय. त्यानंतर आम्ही येतो. आई, कैऱ्या चिरून ठेवू नकोस, आल्यावर मी चिरीन.

तुमची,
मनू