‘विघटनशील’ म्हणजे किती दिवसांत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीने जिने आणि लॉबी पुसायला नवे फ्लोअर क्लीनर मागवले. पाच लिटरच्या कॅनवर हिरवे पान आणि ठळक अक्षरांत ‘१०० टक्के जैवविघटनशील’, म्हणजे जिवाणू पूर्ण पचवून टाकतील असे. कॅनवरच्या नंबरला फोन लावून विचारले, कोणत्या चाचणीत आणि किती दिवसांत? पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘‘मॅडम, पाण्यात टाकलं की लगेच विरघळतं.’’ त्याचा दोष नाही, त्याला तेवढेच सांगितलेले. पण मीठही विरघळते, म्हणून ते नाहीसे होत नाही. पाणी खारट लागतेच.

मी बावीस वर्षे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली आणि ही चाचणी स्वतःच्या हाताने केली, म्हणून लिहिते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९२ च्या ३०१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत ‘बंद बाटली’ची पद्धत आहे. क्षार घातलेल्या पाण्यात तपासायचे रसायन अगदी थोडे, लिटरला काही मिलिग्रॅम, आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून आणलेल्या पाण्याचे काही थेंब. जिवाणूंना दुसरे काहीच खायला नाही. रसायन पचवताना ते पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, म्हणून जितका ऑक्सिजन घटला तितके विघटन झाले. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू न देता काचेचे बूच लावायचे आणि २८ दिवस अंधारात ठेवायची. ठरलेल्या दिवशी एकेक बाटली उघडून मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचे. ऑक्सिजन शिल्लक असेल तर तपकिरी साका बसतो, संपला असेल तर पांढरा. मग आम्ल, मग ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या मोजनळीतून, थायोसल्फेट. स्टार्चचा निळा रंग उडाला की तोटी बंद. थायोसल्फेट जितके कमी लागले, तितका ऑक्सिजन कमी उरलेला. सोबत सोडियम बेंझोएटची बाटली असतेच. ते सहज पचणारे रसायन. तिथे निळा रंग थोड्याच थेंबांत उडायचा. एका जंतुनाशकाच्या बाटलीत मात्र २८व्या दिवशीही रसायन न घातलेल्या कोऱ्या बाटलीइतकेच थायोसल्फेट लागले. त्यात बेंझोएट मिसळून पाहिले, तर तेही तसेच राहिले. जिवाणूच गारद झाले होते.

उत्तीर्ण व्हायला २८ दिवसांत ६० टक्के विघटन लागते, तेही १० टक्क्यांचा टप्पा ओलांडल्यापासून १० दिवसांच्या आत. उरलेल्या कार्बनचा बराचसा भाग जिवाणू स्वतःची पेशी बांधायला वापरतात, म्हणून आकडा शंभरापर्यंत सहसा पोहोचतच नाही. शिवाय ही चाचणी एकेका शुद्ध रसायनासाठी आहे. कॅनमध्ये फेस आणणारे द्रव्य, रंग, सुगंध, टिकाऊपणासाठी घातलेले रसायन असे सगळे मिसळलेले असते. एक पटकन पचले म्हणून बाकीचेही पचले असे होत नाही. मग ते ‘१०० टक्के’ आले कुठून?

आणि मुंबईत आणखी एक गोष्ट आहे. बाटलीत ऑक्सिजन असतो. आपल्या काळ्या नाल्यांत तो जवळपास नसतो. धुण्याच्या पावडरींतले मळ काढणारे नेहमीचे रसायन, सरळ साखळीचे अल्किल बेंझीन सल्फोनेट, हवा मिळाली की छान तुटते, हवेविना जवळजवळ नाहीच. त्याआधीचे फांद्या असलेले रेणू तर हवेतही नीट तुटत नसत. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे थर साचले ते त्यामुळेच. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, इतरत्रही दबाव वाढला आणि कारखान्यांनी रेणूच बदलला. सक्ती झाली की बदल होतो, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. पर्यावरणाच्या नावाखाली केलेल्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दाव्याला पुरावा हवा, असे त्यांत आहे. माझी मागणी साधी आहे. ज्या बाटलीवर ‘जैवविघटनशील’ लिहाल, तिच्यावरच कोणते रसायन, कोणती चाचणी, किती टक्के आणि किती दिवसांत, एवढे चार तपशील छापा. पाव इंच जागा पुरेल. घरी भांडी घासणाऱ्या बाईला आणि सोसायटीच्या सफाई कामगाराला ते मराठीत वाचता आले पाहिजे.

आमच्या सचिवांना मी लेखी दिले आहे की पुढचा कॅन घेण्याआधी विक्रेत्याकडून चाचणीचा अहवाल मागवा. तो आला, तर त्यातले आकडे आपल्याकडे पाठवीन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी
भांडुप (पूर्व), मुंबई