खाड्याचा हिशेब

वेस्ट यॉर्कशायर
रविवार, 24 नोव्हेंबर 2024

प्रिय सद्या,

दोन वर्षांत पत्र नाही, फोन नाही, आणि आता एवढं जाड पाकीट बघून तुला वाटेल वश्या गेला आणि सुमननं कळवलंय. गेलेलो नाही. गुडघा तसाच आहे, शुगर गोळीवर आहे, सुमन ठणठणीत. झाली तब्येत.

कालचे विधानसभेचे निकाल मीही बघितले. त्यावर एक अक्षर लिहीत नाही. लिहिलं तर तू पत्र पुढं वाचणार नाहीस आणि मला ते आज शेवटपर्यंत वाचून घ्यायचंय.

तर झालं असं. शुक्रवारी संध्याकाळी मी हात वर केला.

आमच्या रग्बी लीग क्लबाची बैठक होती. गोलपोस्टामागं ती पत्र्याची खोली, तू चहा सांडलेलास ती. चाळीसेक माणसं, निम्मी माझ्या वयाची. चेअरमननं कागद वाचून दाखवला. वरून येणारा पैसा दरवर्षी घटतोय, तिकिटावर दिवे आणि बसभाडं कसंबसं निघतं, पगारांना कमी पडतंय. फेब्रुवारीत सीझन सुरू होतो, त्याआधी सभासदांतल्या काहींनी दहा-दहा हजार पौंड घातले तर वर्ष निघेल. कुणी बोलेना. मग मागून आमचा एक फॉरवर्ड उठला. दिवसा छपरांवर कौलं बसवतो, मंगळवारी आणि गुरुवारी रात्री सराव करतो, रविवारी खेळतो. म्हणाला, माझा डिसेंबरचा पगार राहू द्या. आणि खाली बसला. नंतर वर बघितलं तर माझा हात वर होता. मी केला असं म्हणवत नाही. तुला आठवतं ना, जयसिंगपूरला कबड्डीत तू बोनसला पाय टाकलास आणि नंतर म्हणालास, मी नाही टाकला, पाय गेला? त्या वेळी मी तुला खोटारडा म्हटलं होतं. ते परत घेतो.

10,000 पौंड. रुपयांत करू नकोस. केलेच असशील.

सुमनला सांगितलेलं नाही. हे पैसे माडीवरच्या खोलीसाठी होते, आणि माडीवरची खोली गेली सात वर्षं होणार आहे. म्हणून हे तुला लिहितोय. दुसऱ्या कुणाला लिहिणार? इथल्या मराठी मंडळात सांगितलं तर सगळे विचारतील, रिटर्न किती? मुंबईच्या भावाला सांगितलं तर तो म्हणेल, क्रिकेट तरी असतं. या बाबतीतला मूर्खपणा माझ्याआधी आणि माझ्याहून मोठा केलेला माणूस मला एकच माहीत आहे.

2013 साली तू चार माग किलोवर विकून आपल्या कबड्डी मंडळाला मॅट आणलीस. आणि मी फोनवर म्हणालो, लोक माग विकून पोरीचं लग्न करतात, तू पोरं लोळवायला गादी घेतलीस. तू फोन ठेवलास. ते वाक्य मी नंतर चार जणांना हसून सांगितलंय, हेही आता कबूल करतो.

तू आला होतास तेव्हा तुला सामना दाखवला, पण या खेळाची मुळातली गोष्ट सांगितली नाही. तू सबंध वेळ एकच म्हणत होतास : सहा वेळा धरलं की मग चेंडू सोडायचा? आमच्यात एकदा धरला की माणूस घरी! (सहा तरी आता आहेत. 1966 पर्यंत मोजणीच नव्हती. धरला, उठला, पायानं चेंडू मागं सारला, परत पळाला, बैलासारखं दिवसभर. मग चार केले, 1972 पासून सहा.) ती गोष्ट अशी, की हा खेळ जन्मला खाड्यापायी.

अगदी आपल्या मागावरच्या खाड्यापायी. इथं गिरण्या आणि कोळशाच्या खाणी शनिवारी अर्धा दिवस चालायच्या. लांबच्या सामन्याला जायचं तर पाळी बुडायची, मजुरी कापली जायची. रग्बी तेव्हा एकच होती, आणि तिचे कारभारी लंडनचे शिकले-सवरलेले, खाऊन-पिऊन सुखी लोक. यॉर्कशायरच्या क्लबांनी 1893 साली मागितलं काय, तर बुडालेल्या पाळीची भरपाई. पगारसुद्धा नाही, नुसता खाडा. लंडनात मतदान झालं आणि ठराव 282 विरुद्ध 136 नं पडला. खेळ हा हौसेनं खेळायचा असतो, म्हणाले. मग 29 ऑगस्ट 1895 ला उत्तरेचे क्लब हडर्सफील्डला स्टेशनसमोरच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. तीच ही आमची रग्बी लीग. खाड्याचा दर ठरला : दिवसाला सहा शिलिंग.

यातली मला सगळ्यात आवडणारी गंमत तीन वर्षांनंतरची. 1898 ला उघड पगार द्यायला परवानगी मिळाली, पण अट अशी की खेळाडूला खरोखरची नोकरी पाहिजे. दारूच्या गुत्त्यातला वाढपी चालणार नाही, बिलियर्डच्या टेबलावर गुण मांडणारा चालणार नाही, क्लबातली कसलीही चाकरी चालणार नाही. म्हणजे खोटी हजेरी लावून पैसे खाणारे तेव्हाही होते, आणि त्यांना धरणारे दिवाणजीही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुझे आप्पा आठवले. सामन्याच्या दिवशी तुमच्या शेडमधल्या पोरांना त्यांनी कधी खाडा लावला नाही. दिवाणजीची वही स्वतः ओढून घ्यायचे आणि हजर म्हणून टिंब द्यायचे. मी तर तुमचा कामगारही नव्हतो, सुताच्या कांड्या भरायला म्हणून नाव घातलं होतं. कराडच्या तीन दिवसांचे पैसे घेतलेत मी आप्पांकडून, कांडी एक न भरता. त्यांना सहा शिलिंगाची गोष्ट कुणी सांगितली असती तर म्हणाले असते, एवढ्यासाठी भांडण कशाला, मांडा की हजेरी.

असो. तू म्हणशील, खेळ छान, गोष्ट छान, पण तुझा क्लब दुसऱ्या पायरीवर का? इथंच माझं पोट दुखतं. ही दुसरी पायरी बांधणाऱ्यांनाच कधी धड आवडली नाही. 1902 ला दोन विभाग केले. खालच्यांना शेजारच्या गावाशी सामने मिळेनात, प्रवास परवडेना, तीन वर्षांत मोडलं. 1962 ला परत केले, दोन वर्षांत परत मोडलं. 1973 पासून कायम आहे, आणि कायम म्हणजे नाव बदलत कायम. सेकंड डिव्हिजन, फर्स्ट डिव्हिजन, एका मोटार कंपनीच्या नावानं प्रीमिअरशिप, नॅशनल लीग वन, 2009 पासून चॅम्पियनशिप. आपल्या गल्लीतल्या त्या हॉटेलानं सात वेळा पाटी बदलली, मिसळ तीच, तसं.

नाव काहीही असो, वर जायचं दार असेल तर माणूस खाली काढतो वर्षं. 1978-79 ला हल एफसी खाली होता, 26 पैकी 26 सामने जिंकला आणि वर गेला. चोख. पण 1995 ऐक. टीव्हीवाल्या मर्डोकचे पैसे आले, 8 कोटी 70 लाख पौंड. सगळ्यात वरची म्हणून सुपर लीग काढायची, हिवाळ्यातला खेळ उन्हाळ्यात न्यायचा, आणि शेजारच्या क्लबांना जोडून एक करायचं. फेदरस्टोन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड मिळून एक संघ, नाव काय तर काल्डर! कबनूर, शहापूर आणि चंदूर एक करून त्याला पंचगंगा म्हणण्यासारखं. लोक रस्त्यावर आले, जोडाजोडी बारगळली. पण त्या वर्षी दुसऱ्या विभागात पहिला आला होता कीथली. डोंगरातलं गिरणीगाव, आणि त्या दोन-चार वर्षांत सगळं गाव क्लबामागं वेडं झालेलं. दुसरा आला बॅटली. चौथा लंडन. वर कोण गेलं? लंडन. सोबत पॅरिसमध्ये एक नवाच संघ काढला, तो दोन वर्षांत बंद पडला.

कीथलीचा एक म्हातारा माझ्याबरोबर गिरणीत होता. शॉडीची गिरणी, चिंध्या पिंजून परत लोकर करायची. ही विद्याच मुळात बॅटलीची. त्यानं त्या दिवशी चिंध्यांच्या गठ्ठ्यावर बसून डबा खाल्ला आणि एक शब्द बोलला नाही. मी तेव्हा नवीन होतो, मला वाटलं घरात कुणी गेलं. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, हो.

मग 1999 : हन्स्लेटनं फायनल 12-11 नं मारली, ड्यूजबरीला हरवून. वर घेतलं नाही. 2000 : तोच ड्यूजबरी यादीत पहिला, फायनललाही ली या गावच्या संघाला 13-12 नं हरवलं. वर घेतलं नाही, स्टेडियम लहान म्हणून. दोन वर्षं लागोपाठ एकेका गुणानं जिंकायचं आणि मग खुर्च्या मोजायच्या! 2009 ते 14 तर दार बंदच करून टाकलं, परवाना असेल तोच वर. आता नवी तऱ्हा. 20 गुणांची परीक्षा, 15 मिळाले तर अ श्रेणी. त्यात प्रत्यक्ष खेळाला किती, सांग? 5. प्रेक्षकांना 5, पैशाअडक्याला साडेचार, स्टेडियमला 3, बाकी गावातलं समाजकार्य. 2023 ला लंडननं फायनल जिंकली, वर गेले, आणि महिना उलटायच्या आत त्यांना कळलं की कसेही खेळा, पुढच्या वर्षी तुम्ही खाली. एक सबंध सीझन त्या पोरांनी ते माहीत असून खेळलं. मागच्या महिन्यात गेले खाली. त्यांच्या जागी वेकफील्ड. वेकफील्डनं फायनल 36-0 मारली हे खरं, पण ती हरले असते तरी गुणपत्रिका तीच होती.

तू म्हणशील, मग अशा धंद्यात कोण पैसे घालतो. तेच मी दोन रात्री स्वतःला म्हणतोय. क्लबाचे हिशेब मीच तपासतो रे! मला माहीत आहे की ते परत येणार नाहीत. टोरोंटोच्या एका श्रीमंतानं असाच क्लब काढला होता, थेट कॅनडात. आमच्याकडची गवंडी, सुतार पोरं रजा काढून अटलांटिक ओलांडून शनिवारी खेळून यायची, विमानाचे पैसे यजमान द्यायचे. 2019 ला वर गेले, आणि 2020 ला करोनात अर्ध्या सीझनमधून उठले. कोट्यधीश टिकत नाही तिथं गिरणीतून रिटायर झालेल्या इचलकरंजीकराचे 10,000 म्हणजे पंचगंगेच्या पुरात लोटा.

पण एक बाजू अशीही आहे. 2022 ला बॅटली, आमच्यासारखाच हातातोंडाचा क्लब, फेदरस्टोनसारख्या पगारी संघाला त्यांच्याच गावात हरवून फायनलला गेला. तिथं लीनं 44-12 धुतलं, ते सोड. पुढच्या ऑगस्टला बॅटली आणि हॅलिफॅक्स, खालच्या क्लबांच्या ‘1895 कप’ची फायनल, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमला. मी गेलो होतो. बॅटली 10-12 नं हरलं. त्यांचं मैदान इतकं उताराचं की एका बाजूला खेळताना टेकडी उतरल्यासारखं वाटतं, आणि ती पोरं वेम्ब्लीच्या सपाट गवतावर उभी. माझा तो क्लब नाही, तरी मी रडलो. दोन गुणांसाठी. सांगलीला हरलो त्या रात्री तू एसटी स्टँडवर रडलास आणि मी म्हणालो, खेळ आहे, रडतोस काय. तेही परत घेतो. आज फार परत घेतोय, जरा दमाने वाच.

आता मला खरं सांग. हो-नाही विचारत नाही, हात वर गेलाय, चाळीस माणसांनी बघितलाय. मला विचारायचंय ते वहिनींना कसं सांगितलंस. आधी की माग गेल्यावर? जेवताना की जेवण झाल्यावर? आणि त्या किती दिवस बोलल्या नाहीत? माझ्या अंदाजानं सुमन बोलणं बंद करणार नाही, ती बोलेल, आणि ते जास्त वाईट. फोनवर लिहू नकोस, तो ती बघते. पत्रच पाठव.

तुझ्या धाकटीचं जमलं असं भावाकडून कळलं. अभिनंदन! मुलगा कोल्हापूरचा म्हणजे लांब नाही, छान. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? शेडवर सोलर बसवलंस म्हणे, वीजबिल खरंच निम्मं झालं का ते कळव. लग्नाची तारीख कळव, मी तिकीट बघतो. पैसे उरले तर.

तुझाच
वश्या

ता. क. : त्या मॅटला तेव्हा एकूण किती पडले, हे मी कधी विचारलंच नाही. आणि चार माग गेले ते कुठले? नंतर घेतलेले, का आप्पांच्या वेळचे?